‘यापुढे राजीनामा देणारा मंत्री’: बेळगाव तालुक्यातील एका मंडळातील पैजेचे प्रकरण

हे प्रकरण २०२५ च्या पावसाळ्यातील आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावात गणेशोत्सव मंडळाच्या सभासदांनी कर्नाटकाच्या मंत्रिमंडळातून पुढे कोण जाणार यावर पैसे लावले आणि त्या पैशांवरून उत्सवाच्या तोंडावर गल्लीत फूट पडायची वेळ आली. गावच्या पंचांनी मला सल्ल्यासाठी बोलावले होते, कारण मी बेळगावच्या न्यायालयात वकिली करतो आणि माझे आजोळ त्या गावाच्या शेजारी आहे. गाव, मंडळ आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही बारीक तपशील बदलले आहेत. मंत्र्यांविषयी जे लिहिले आहे ते सार्वजनिक नोंदीतील आहे. पैज घेणाऱ्यांना दोषी ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. कोणत्या टप्प्यावर कोणता प्रश्न विचारायला हवा होता आणि तो का विचारला गेला नाही, हे मला नोंदवून ठेवायचे आहे.

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत. बेंगळूर शहर जिल्हा सोडला तर राज्यात एवढ्या जागा दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात नाहीत. २०२३ च्या निवडणुकीत त्यांपैकी ११ जागा काँग्रेसला आणि ७ भाजपला मिळाल्या. सरकार कोणाचेही असो, मंत्रिमंडळात या जिल्ह्याची माणसे असतात आणि मंत्रिपदाची आशा धरून बसलेले आमदार त्याहून अधिक असतात. राज्यघटनेच्या ९१ व्या दुरुस्तीनुसार मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, त्यामुळे २२४ आमदारांच्या कर्नाटकात मुख्यमंत्र्यांसह ३४ खुर्च्या भरल्या की नवा माणूस आत येण्यासाठी जुना बाहेर पडावा लागतो. म्हणून ‘कोण जाणार’ हा प्रश्न या भागात ‘कोण येणार’ या प्रश्नाइतकाच चर्चिला जातो, आणि डिसेंबरात बेळगावजवळच्या हलग्यातील सुवर्ण विधानसौधमध्ये, म्हणजे कर्नाटकाच्या इथल्या विधानभवनात, अधिवेशन भरले की ही चर्चा हलग्यापासून थेट आमच्या गावातील पारांपर्यंत येते.

मराठी माणसाच्या या चर्चेला आणखी एक पदर आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०१३ साली महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार विधानसभेत होते. २०१८ पासून एकही नाही. ज्या सभागृहात आपल्या बाजूने उभा राहणारा कोणी नाही, त्याच सभागृहातून आपला रस्ता, आपली शाळा आणि आपला उतारा ठरतो. अशा लोकांचे मंत्र्यांकडे लक्ष असते, पण ते नाटक बघणाऱ्यासारखे लांबून असते. पैज सुचण्यामागे हे लांबून बघणे होते, असे मला वाटते. निदान ज्यांनी पैसे लावले त्यांच्या बोलण्यावरून तरी तसेच दिसले.

मंत्री कसा जातो, याची या भागाला चांगली ओळख आहे. मार्च २०२१ मध्ये गोकाकचे रमेश जारकीहोळी यांनी जलसंपदा मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एप्रिल २०२२ मध्ये ग्रामविकास मंत्री के. एस. ईश्वरप्पा पायउतार झाले, बेळगावच्या एका कंत्राटदाराचा मृत्यू त्याला कारण ठरला आणि ज्या कामांच्या बिलांचा वाद होता ती कामे हिंडलग्याची होती, म्हणजे आमच्या शेतांपासून फार लांब नव्हती. (पोलिसांच्या अंतिम अहवालात ईश्वरप्पांवरील आरोप टिकला नाही.) त्यांनी राजीनाम्याची घोषणा १४ एप्रिलला केली आणि पत्र १५ एप्रिलला मुख्यमंत्र्यांच्या हाती दिले. ६ जून २०२४ रोजी बी. नागेंद्र यांनी महर्षी वाल्मिकी विकास महामंडळातील गैरव्यवहाराच्या प्रकरणात राजीनामा दिला. आणि दोनदा असेही झाले की जाण्याला राजकारणाचा स्पर्शच नव्हता. २३ सप्टेंबर २०२० रोजी बेळगावचे खासदार आणि केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी कोरोनाने गेले, तर ६ सप्टेंबर २०२२ रोजी हुक्केरीचे उमेश कत्ती मंत्रिपदावर असतानाच हृदयविकाराने गेले. अशा जाण्याचा पुढे संबंध येणार आहे.

पैज कशी सुरू झाली

२०२५ च्या जुलैत आषाढी एकादशी होऊन गेली होती आणि रोपलावण संपत आली होती. संध्याकाळी मंडळाच्या खोलीत वर्गणीची पावती पुस्तके तयार करण्याचे काम चाले. त्या दिवसांत सरकारची अडीच वर्षे झाली की मुख्यमंत्री बदलणार, मंत्रिमंडळात फेरबदल होणार, अशा बातम्या रोज येत होत्या. सहकार मंत्री के. एन. राजण्णा यांनी सप्टेंबरनंतर राजकारणात क्रांती होईल असे म्हटल्याने त्यांना अधिकच जोर चढला होता. एका तरुणाने म्हटले की रोज तेच तेच बोलण्यापेक्षा प्रत्येकाने चिठ्ठी लिहून टाकावी. चिठ्ठीचे ५०० रुपये ठरले. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, ती मुदत ठरली. चिठ्ठीवर वर लिहायची ओळ होती: ‘यापुढे राजीनामा देणारा मंत्री’. खाली मंत्र्याचे नाव आणि टाकणाऱ्याची सही. बाकी काहीही लिहिले गेले नाही.

जुलैअखेर ३४ जणांच्या ४२ चिठ्ठ्या जमल्या आणि २१,००० रुपये खजिनदाराकडे आले. त्याने ते वर्गणीच्याच पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि मंडळाच्या वहीत ‘इतर जमा’ अशी नोंद केली. खजिनदार पंचविशीतला, दूध संघाच्या संकलन केंद्रावर काम करणारा, हिशेबाला चोख म्हणून नेमलेला मुलगा आहे. वहीत नोंद न करता पैसे ठेवणे त्याला चूक वाटले, म्हणून त्याने नोंद केली. त्याच्या हेतूविषयी पुढे कोणीही शंका घेतली नाही.

पहिला निर्णयाचा क्षण इथेच होता आणि तो आला तसा निघून गेला. गावातील एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्या संध्याकाळी खोलीत होते. त्यांनी विचारले, “मंत्री वारला तर काय करणार?” उमेश कत्तींचे उदाहरण तिथे बसलेल्या प्रत्येकाला आठवत होते. कोणीतरी म्हणाले की तसे होणार नाही, आणि विषय बदलला. मास्तरांनी चिठ्ठी टाकली नाही. त्यांनी मला नंतर सांगितले की एका वयस्क, आजारी मंत्र्याचे नाव दोन चिठ्ठ्यांवर लिहिलेले त्यांनी पाहिले होते आणि त्या माणसाची प्रकृती बिघडल्याची बातमी आली तर गल्लीत कोणाला तरी आतून बरे वाटेल, ही कल्पना त्यांना सहन झाली नाही. मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटते. व्यवहाराच्या बाजूनेही तो प्रश्न मोलाचा होता. मरण आले तर ‘जाणे’ धरायचे की नाही, हे त्या संध्याकाळी ठरवायला बसले असते तर राजीनामा, बडतर्फी, खातेबदल, सरकार पडणे असे सगळे प्रकार आपोआप समोर आले असते.

दुसरा क्षण २ ऑगस्टचा. मूर्तिकाराला आगाऊ रक्कम द्यायची होती आणि वर्गणी अजून सुरू झाली नव्हती. अध्यक्षांनी खजिनदाराला पेटीतून १५,००० रुपये द्यायला सांगितले. दोघांनाही ठाऊक होते की पेटीत आहे ते पैजेचे आहे, पण वर्गणी आली की भरून निघेल, असे दोघांनी धरले. पावती मंडळाच्या नावाने घेतली. खर्च मंडळाचाच होता, त्यात कोणाचा खिसा भरला नाही. तरीही त्या दिवसापासून पैज आणि मंडळ या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या नाहीत.

तिसरी गोष्ट नारळी पौर्णिमेची, म्हणजे ९ ऑगस्टची. मंडळातील एका तरुणाने, ज्याची आधी दुसऱ्याच नावावर एक चिठ्ठी होती, राजण्णांच्या नावावर एकदम चार चिठ्ठ्या टाकल्या. खजिनदाराने २,००० रुपये घेतले, कारण चिठ्ठ्या कधी बंद होतात हे ठरलेले नव्हते. या तरुणाचे मामा बेंगळूरला एका लोकप्रतिनिधीच्या गाडीवर चालक आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत होते.

प्रश्न कुठे उभा राहिला

११ ऑगस्टला विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले आणि त्याच दिवशी राजण्णा मंत्रिमंडळाबाहेर गेले. मतदार यादीतील गोंधळ आपल्याच सरकारच्या काळात झाला आणि तेव्हा आपण गप्प बसलो, अशा अर्थाचे विधान त्यांनी केले होते आणि पक्षश्रेष्ठींना ते खपले नाही. दुपारी दूरचित्रवाणीवर पहिली बातमी आली ती राजीनाम्याची. नंतर स्पष्ट झाले की मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून राज्यपालांनी त्यांना पदावरून दूर केले आहे.

गल्लीत दोन्ही भाषांची वर्तमानपत्रे येतात. कन्नड बातम्यांत ‘संपुटदिंद वजा’ असा शब्द होता. कन्नडमध्ये ‘संपुट’ म्हणजे मंत्रिमंडळ आणि ‘वजा’ म्हणजे बडतर्फ. आपल्या वापरात ‘वजा’ म्हणजे हिशेबातून कमी करणे. मराठीत कोणी ‘हकालपट्टी’ म्हणत होते आणि कोणी ‘राजीनामा’. चिठ्ठीवर मात्र स्पष्ट लिहिले होते: राजीनामा देणारा मंत्री. राजण्णांच्या नावावर एकूण सहा चिठ्ठ्या होत्या, एक सैन्यातून निवृत्त झालेल्या सुभेदारांची, एक दुकानदाराची आणि चार त्या तरुणाच्या.

इथे आकडे सांगायला हवेत, कारण भांडण त्यांच्यामुळे वाढले. सहाही चिठ्ठ्या धरल्या तर २३,००० रुपयांतून प्रत्येक चिठ्ठीला सुमारे ३,८३३ रुपये येत होते आणि एकट्या तरुणाला १५,३३३. उशिरा आलेल्या चार चिठ्ठ्या बाद केल्या तर सुभेदार आणि दुकानदार यांना प्रत्येकी १०,५०० मिळत होते. आणि ‘राजीनामा’ हा शब्द काटेकोर घेतला तर कोणीच जिंकले नव्हते आणि पैज २७ तारखेपर्यंत चालू राहत होती. म्हणजे तीन अर्थ होते आणि प्रत्येक अर्थामागे ज्यांचा फायदा होता ती माणसे उभी होती. सुभेदार म्हणाले, “सरकारनं काढलं काय, आपण होऊन गेला काय, खुर्ची रिकामी झाली नव्हं?” त्यावर दुसऱ्या बाजूने उत्तर आले की मग चिठ्ठीवर ‘खुर्ची’ लिहायची होती. त्या रात्री कोणीतरी त्या तरुणाला त्याच्या मामाच्या नावावरून बोलले. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने मंडळाच्या खोलीसमोर उभे राहून जाब विचारला. तेव्हा प्रकरण पंचांकडे गेले.

समोर असलेले मार्ग

१३ ऑगस्टला पंचांनी मला बोलावले. पंच कमिटीतील वडीलधारे म्हणाले, “वकीलसाहेब, जिंकलं कोण तेवढं सांगा, बाकीचं आम्ही बघतो.” आणि मी, ज्या प्रश्नाचे उत्तर देता येत होते त्याचे उत्तर द्यायला बसलो. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमानुसार मंत्र्याची नेमणूक मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने राज्यपाल करतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत मंत्री पदावर राहतो. राजीनामा हे मंत्र्याचे कृत्य आहे आणि पदावरून दूर करणे हे राज्यपालांचे, असे मी समजावून सांगितले. अर्धा तास त्यात गेला. ते सगळे बरोबर होते, पण त्याचा उपयोग नव्हता. मी उठायच्या बेतात असताना मास्तरांनी खजिनदाराला विचारले, “पैसे आहेत कुठं?” आणि त्याने पेटीत ८,००० रुपये आहेत असे सांगितले.

या प्रकरणातील माझी चूक मी इथे स्पष्ट लिहितो. पैजेच्या वादात वकिलाने पहिला प्रश्न ठेव कोणाकडे आहे हाच विचारायला हवा. मी शब्दाच्या अर्थाकडे गेलो, कारण शब्दाचा अर्थ लावणे हे माझे रोजचे काम आहे. मास्तरांनी तो प्रश्न विचारला नसता तर मी कदाचित एका बाजूला जिंकलेली ठरवून घरी गेलो असतो आणि नसलेल्या पैशांवर हक्क सांगणारी माणसे मागे ठेवली असती.

त्यानंतर चार मार्गांवर बोलणे झाले.

सहा चिठ्ठ्यांना पैसे वाटावेत, हा पहिला. यासाठी मंडळाला १५,००० रुपये वर्गणीतून काढावे लागले असते. गणपतीसाठी घरोघरून आलेले पैसे पैजेच्या बक्षिसाला देणे, असे त्याचे सरळ वर्णन झाले असते, आणि ज्या घरांनी चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या त्यांना ते पटवून देणे कोणालाही शक्य नव्हते. कायद्याची बाजूही इथेच आली. भारतीय करार कायदा १८७२ च्या ३० व्या कलमानुसार पैजेचा करार शून्यवत असतो. जिंकलेले पैसे मिळावेत म्हणून दावा चालत नाही आणि पैजेच्या निकालासाठी तिसऱ्या माणसाकडे ठेवलेल्या रकमेसाठीही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या गेरुलाल पारख खटल्यात असा करार शून्यवत असला तरी तेवढ्यामुळे बेकायदा ठरत नाही असे म्हटले आहे. दोन माणसांनी आपसांत लावलेल्या पैजेपुरता तो दिलासा ठीक आहे. पण अनेकांकडून पैसे गोळा करून ते वाटण्याची व्यवस्था चालवणे हा वेगळा मामला होतो. आपल्याकडे ओसी, म्हणजे मटका, घेणाऱ्यांवर ज्या कलम ७८ खाली गुन्हे नोंदतात, त्या कर्नाटक पोलीस कायद्याच्या कलमाची झळ अशा व्यवस्थेला लागू शकते, असे माझे मत मी पंचांना दिले. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावे उत्सवाच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात दिलेली असतात. त्याच मंडळाच्या वहीत पैजेची जमा लिहिलेली असणे हा धोका सगळ्यांना लगेच कळला.

दुसरा मार्ग सगळे पैसे महाप्रसादाला देण्याचा होता आणि तो बैठकीत सर्वांत लोकप्रिय होता. त्यामुळे कोणाला हरल्यासारखे वाटणार नव्हते आणि मूर्तीला गेलेल्या पैशांचा प्रश्नही परस्पर मिटणार होता. मी याला विरोध केला आणि आजही तो योग्य वाटतो. दान देणाऱ्याने दान द्यायचे ठरवलेले असावे लागते. ३४ जणांपैकी त्या बैठकीला १९ जण होते. उरलेल्या १५ जणांच्या पैशांचे दान १९ जणांनी करणे बरोबर नव्हते. शिवाय देवाच्या नावावर मागितल्यावर नाही म्हणण्याची हिंमत कोणाची होणार? त्यांपैकी दोघी बायका होत्या, बचत गटाच्या हप्त्यातून ५०० रुपये काढून चिठ्ठी टाकलेल्या, आणि त्यांच्या घरी ही गोष्ट ठाऊक नव्हती.

तिसरा मार्ग २७ तारखेपर्यंत थांबण्याचा होता. तो दोन वाक्यांत निकालात निघाला, कारण उत्सवाच्या दिवसांत हा वाद चालू ठेवायला कोणीच तयार नव्हते.

चौथा मार्ग ज्याचे त्याला परत देण्याचा. सुभेदारांना तो अन्यायाचा वाटला. त्यांनी वर्तमानपत्र वाचून, विचार करून नाव लिहिले होते आणि ते खरे ठरले होते. त्यांच्या या भावनेला उत्तर देणे मला अवघड गेले, कारण ती खरी होती. मी त्यांना एवढेच विचारले की १०,५०० रुपये घ्यायचे तर उशिराच्या चार चिठ्ठ्या बाद कराव्या लागतील, आणि त्या बाद करायच्या तर त्या मुलाने आतली बातमी वापरली असे पंचांनी ठरवावे लागेल. तसे ठरवण्याइतका पुरावा तुमच्याकडे आहे का? सुभेदार बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुरावा नाही. मुलगा आपलाच आहे.”

आतल्या बातमीचा प्रश्न केवळ आमच्या गावापुरता नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. ब्रिटनमध्ये परवानाधारक दुकाने अशा पैजा उघडपणे घेतात, मंत्रिमंडळातून पुढे कोण जाणार यावरही घेतात, आणि त्यांचे नियम आधी जाहीर असतात. तिथेही २०२४ मध्ये सार्वत्रिक निवडणूक कधी होणार यावर सत्ताधारी पक्षातील काहींनी पैसे लावल्याचे उघड झाले. पंतप्रधानांच्या जवळच्या एका खासदाराने, तारीख जाहीर होण्याच्या आधी, जुलैत निवडणूक होईल यावर १०० पौंड लावले होते आणि जुगार नियामकाला चौकशी करावी लागली. जिथे नियम, परवाना आणि चौकशी करणारी यंत्रणा आहे तिथे ही गत, तर जिथे एक पत्र्याची पेटी आणि एक वही आहे तिथे ‘याला आधीच कळले होते’ हा संशय कोण आणि कसा दूर करणार? तो मुलगा म्हणत होता की त्याने दूरचित्रवाणीवर राजण्णांचे विधान ऐकले आणि आता हा माणूस राहत नाही असे त्याला वाटले. हे शक्य होते. मामाने काही सांगितले असणेही शक्य होते. मंत्र्याचे जाणे हे पावसासारखे नसते. एका माणसाच्या निर्णयाने ते घडते आणि तो निर्णय जाहीर होण्याआधी काही माणसांना कळलेला असतो. म्हणून अशा पैजेत जिंकणाऱ्याकडे नेहमीच तिरक्या नजरेने बघितले जाते.

काय केले

१७ ऑगस्टच्या रविवारी पंच, पदाधिकारी आणि चिठ्ठी टाकणारे २७ जण बसले. पैज रद्द धरून प्रत्येक चिठ्ठीचे ५०० रुपये परत करायचे ठरले. मूर्तीसाठी गेलेले १५,००० ही मंडळाची देणी मानली आणि वर्गणी येताच ती आधी फेडायची, असे इतिवृत्तात लिहिले. वहीतील ‘इतर जमा’ ही नोंद खोडायला मी मनाई केली; खोडाखोडीने संशय वाढतो. तिच्याखाली खरी हकीकत आणि परतीची तारीख लिहून अध्यक्ष आणि खजिनदार यांनी सही केली.

पेटीतील ८,००० रुपयांत १६ चिठ्ठ्या त्याच दिवशी परत होऊ शकत होत्या. आधी कोणाला द्यायचे, यावर चिठ्ठ्यांच्या क्रमाने द्यावे असे अध्यक्षांचे म्हणणे होते. मास्तरांनी सुचवले की ज्यांना गरज आहे त्यांनी न बोलता खजिनदाराच्या घरी जाऊन घ्यावे, बाकीच्यांनी आठवडाभर थांबावे. तसेच झाले. उरलेले १५,००० रुपये २४ ऑगस्टला वाटायचे ठरले. ज्यांना आपले पैसे मंडळाला द्यायचे असतील त्यांनी ते आधी हातात घ्यावेत आणि मग स्वतःच्या नावाची वर्गणीची पावती फाडावी, हा माझा आग्रह होता. काहींना तो नसता सोपस्कार वाटला.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट थांबवावी लागली. काही तरुणांनी पुढची पैज मोबाईलवरील गटात घ्यायची, पैसे यूपीआयने एकाच्या खात्यावर पाठवायचे, असे ठरवले होते. त्यामुळे वही नको, पेटी नको. संसदेने २० आणि २१ ऑगस्टला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गल्लीतील गटाला तो कायदा नेमका कसा लागू होईल यावर वकील वाद घालू शकतील. ज्याच्या खात्यावर पैसे जमा होणार होते त्या मुलाला मी एवढेच सांगितले की तो वाद तुझ्या नावाने चालेल. त्याने गट बंद केला.

निष्पत्ती

२४ ऑगस्टपर्यंत ४६ पैकी ४१ चिठ्ठ्यांचे पैसे सह्या घेऊन परत गेले. तिघांनी आपले ५०० रुपये स्वखुशीने वर्गणीत दिले आणि त्यांच्या नावाच्या पावत्या निघाल्या. गणपती ठरल्या दिवशी आला. सुभेदारांनी नेहमीप्रमाणे आरतीची जबाबदारी घेतली. दुकानदार मात्र त्या वर्षी मंडळाच्या खोलीकडे फिरकला नाही.

खजिनदाराने उत्सवानंतर पद सोडायची इच्छा व्यक्त केली. पंचांनी ती मानली नाही. पेटीला दुसरे कुलूप लावून एक किल्ली मास्तरांकडे दिली आणि मंडळाच्या नावाने बँकेत बचत खाते उघडण्याचे, जे चार वर्षे बोलण्यातच राहिले होते, काम हाती घेतले.

उरलेल्या पाच चिठ्ठ्या त्या तरुणाच्या होत्या, २,५०० रुपयांच्या. त्याने ते घेतले नाहीत. खजिनदार दोनदा त्याच्या घरी गेला. दुसऱ्या वेळी त्याच्या आईने चहा दिला, पण पाकीट परत पाठवले. विसर्जनाच्या मिरवणुकीत तो दिसला नाही.

काय वेगळे करता आले असते

चिठ्ठीवरील शब्द नीट लिहिले असते तर वाद झाला नसता, असे गावातील बहुतेकांचे मत आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. ‘राज्यपालांच्या अधिसूचनेने पद रिकामे होईल तो’ असे लिहिले असते तर राजीनामा की बडतर्फी हा प्रश्न सुटला असता आणि ईश्वरप्पांसारखी घोषणा एका दिवशी व पत्र दुसऱ्या दिवशी अशी वेळ आली तरी अडचण नव्हती. चिठ्ठ्या ३१ जुलैला बंद केल्या असत्या तर नारळी पौर्णिमेच्या चार चिठ्ठ्या आल्याच नसत्या. पण पैसे वर्गणीच्या पेटीत गेले ते शब्दांमुळे नव्हे. मंडळाच्या खोलीत, मंडळाच्या खजिनदाराकडे, मंडळाच्या सभासदांनी पैसे दिले; त्या क्षणी ते मंडळाचे झाले, कोणी काहीही म्हटले तरी. पैजेला तिथे जागा द्यायला नको होती आणि हे अध्यक्षांनी पहिल्या संध्याकाळी सांगायला हवे होते. २ ऑगस्टला तर तशी संधी पुन्हा आली होती. मूर्तिकार आठ दिवस थांबला असता. त्याने मला तसे स्वतः सांगितले.

माझ्याकडून राहिलेली गोष्ट मात्र पैशांची नाही. १७ तारखेच्या बैठकीत आम्ही ठरवले की आतल्या बातमीच्या आरोपाची चौकशी करायची नाही, कारण पैसे परतच करायचे असल्याने तिची गरज नव्हती. निर्णय म्हणून ते सोयीचे होते आणि सगळ्यांना सुटल्यासारखे वाटले. त्या मुलाला मात्र त्या गप्प बसण्याचा अर्थ वेगळा लागला. ज्या लोकांनी त्याच्या मामाचे नाव घेतले, त्यांनी ते मागे घेतले नाही आणि पंचांनीही घ्यायला लावले नाही. त्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झालेले नाही आणि तसा संशय नोंदवलेला नाही, हे एक वाक्य त्याच बैठकीत, त्याच्या समोर, इतिवृत्तात घालायला हवे होते. ते घालण्याचे मला सुचले नाही, आणि मी तिथे एकटाच असा होतो ज्याचे ते सुचवणे काम होते.

ते वाक्य घालावे असे पत्र मी पंचांना दिले आहे. पाकीट मास्तरांच्या कपाटात आहे. पुढच्या बैठकीत पत्र वाचले जाईल तेव्हा त्या मुलाला आणि त्याच्या आईला निरोप द्यायला मास्तर स्वतः जाणार आहेत.